एकोणीस नंबरचं पत्रक

८ ऑगस्ट

आत्या,

पोचले, स्थिरावले, आणि आज नोकरीचा सहावा दिवस. फोन का करत नाही म्हणून बाबा रुसलेत. त्यांना सांग, हा त्यांच्याच बहिणीचा हुकूम आहे. फोनवर माणूस ऐकत नाही, आपली पाळी यायची वाट बघतो, हे तुझंच वाक्य ना? म्हणून हे पत्र. तुझ्या डोळ्यांसाठी अक्षर इतकं मोठं काढलंय की चार ओळींत पान संपतंय.

शाळा मुलींची. माझ्याकडे आठवीचा वर्ग, सदतीस जणी, आणि वर एक भारदस्त पद: कौशल्य समन्वयक. हसू नकोस. पुढच्या जगात टिकायचं तर नुसत्या पाठांतरावर भागणार नाही, हे आता सगळ्यांना पटलंय. संवाद, सहकार्य, स्वतंत्र विचार, बदलाशी जुळवून घेणं, नेतृत्व अशी बारा कौशल्यं ठरली आहेत. प्रत्येक मुलीचं एक पत्रक, जाड पांढरं, भोवती निळी चौकट, आत बारा रकाने. शिकवणारे सगळे जण दर आठवड्याला त्यावर शेरे लिहितात. शनिवारी मुलगी आपलं पत्रक वाचते आणि खाली 'वाचले' अशी सही करते. पत्रकावर नाव नाही, नुसता नंबर. नाव दिसलं की मनात आधीच काहीतरी ठरलेलं असतं, ते शेऱ्यात उतरायला नको म्हणून. ही कल्पना मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची. सदतीस कप्प्यांची एक लाकडी पेटीही त्यांनी सुताराकडून करून घेतली आहे.

शेरे लिहायचे कसे, हे कुणालाच उमगेना. म्हणून मी एक नमुना भरून सूचनाफलकावर लावला. सदतिसातला मधला नंबर घेतला, एकोणीस, आणि अशी मुलगी रंगवली म्हणतेस! 'बोलण्याआधी मनात तीन मोजते. वेगळं मत असलं तरी आधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेते. डोळ्यांत बघून, हसून बोलते.' सगळंच गोड झालं की खोटं वाटतं, म्हणून एक कच्चा दुवाही घातला: 'मोठा आवाज झाला की डोळे मिटते, पण लगेच सावरते.' गणिताचे सर म्हणाले, "ही मला द्या, बाकीच्या छत्तीस तुम्ही ठेवा."

वर्गातलं माझं टेबल तुझ्याहून म्हातारं आहे आणि एका पायानं लंगडं. पण रोज सकाळी कुणीतरी कागदाची घडी करून त्या पायाखाली सरकवून ठेवतं. संध्याकाळी झाडताना ती निघून जाते, सकाळी नवी हजर. त्यामुळे टेबल जागचं हलत नाही. शिपाईमामा देवमाणूस दिसतोय. हे पत्र त्याच टेबलावर, मधल्या सुट्टीत लिहितेय.

तुझी
बडबडी

१८ ऑगस्ट

बडबडे,

अक्षर मोठं काढलंस ते बरं केलंस, पण इतकंही नको. समोरच्या शिंपीणबाईंनी त्यांच्या गॅलरीतून वाचलं आणि मला विचारलं, "समन्वयकाला पगार किती असतो हो?" पुढच्या वेळी जरा बारीक काढ.

बारा कौशल्यं! मी छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. आमच्याकडे दोनच होती. आपलं नाक आपण पुसायचं आणि दुसऱ्याचा डबा खायचा नाही. एवढ्यावर पोरं मोठी झाली, काही तर साहेब झाली, आणि त्यातल्या निम्म्यांना दुसरं कौशल्य अजून जमलेलं नाही. असो. थट्टा पुरे. मुलींना चारचौघांत बोलता आलं पाहिजे हे मलाही मान्य आहे. तू बोलायचीस म्हणून चौथीपर्यंत रोज बाकावर उभी राहायचीस, आणि घरी येऊन माझ्या मांडीत डोकं खुपसून रडायचीस. ते मी विसरलेले नाही.

एक विचारते. नमुन्याला एकोणीस नंबर दिलास, मग वर्गातली खरी एकोणीस नंबरची कोण? तिचं पत्रक कुठं आहे? चूक काढत नाही, नुसतं विचारते. रिकामपणाचे उद्योग म्हण हवं तर.

आणि हजेरी वहीत बघून घेऊ नकोस. तोंडं बघून घे. का, ते कधीतरी सांगेन.

डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललंय. डाव्यानं अर्धंमुर्धं दिसतं. माझ्या वयाला बघण्यासारखं राहिलंय तरी काय?

आत्या

२ सप्टेंबर

आत्या,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐकशील तर चकित होशील. खरी एकोणीस म्हणजे तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसते ती. तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळी तिचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. वेणी आठवली, खिडकी आठवली, मधे काहीच येईना. महिनाभर रोज समोर बसलेली मुलगी! इतकी गप्प, की नंबर पुकारल्यावर नुसता हात वर करायची.

आणि काय झालं, तो नमुना कुणाच्या तरी हातून फलकावरून निघून पेटीत गेला, एकोणिसाच्या कप्प्यात. सगळे शिक्षक त्यावरच शेरे लिहीत गेले. पहिला शेरा चांगला म्हणून दुसरा चांगला, दुसरा चांगला म्हणून तिसरा. गणिताच्या सरांनी लिहिलंय, 'अवघड उदाहरणात गटाला सांभाळून नेते.' मी त्यांना म्हटलं, "सर, तो माझा नमुना ना?" तर म्हणाले, "कुठला नमुना? एकोणीस हुशारच आहे."

खरी गंमत पुढं. तिनं तीन शनिवार ते पत्रक वाचलं, सही केली. आणि या सोमवारी वर्गात उठून उभी राहिली. माझ्या डोळ्यांत बघून हसली आणि म्हणाली, "बाई, माझं मत वेगळं आहे, पण आधी तुमचं पूर्ण ऐकून घेते." मुलींनी टाळ्या वाजवल्या. आत्या, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आपल्याबद्दल चांगलं लिहिलं तर माणूस तसा होतो, याला आणखी पुरावा कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मोठ्या बाईंनी तिला हेरून ठेवलंय. डिसेंबरात तपासणी समिती येणार आहे, तिच्यापुढं आमची योजना मांडायला एकोणीस उभी राहणार. समितीनं पसंत केलं तर मी इथं कायम होईन.

बाकी ठीक. टेबल मात्र डुगडुगायला लागलंय, दोनदा चहा सांडला. शिपाईमामाला म्हटलं, हल्ली कागद घालत नाही वाटतं? तो म्हणाला, "मी कधी घातला?" उगाच कानकोंडी झाले.

बडबडी

९ सप्टेंबर

बडबडे,

मला आवडलं नाही. तुझ्या आनंदावर विरजण घालते म्हणून रागावशील, रागाव. मी गोड बोलून साजरं करणारी आत्या नव्हते, आता काय होणार.

जी पोरगी महिनाभर तोंड उघडत नाही ती एका सोमवारी उठून तुझंच वाक्य तुला ऐकवते, आणि तुला रडू येतं? मला घाम फुटला असता. पोपट बोलला की आपण टाळ्या वाजवतो, पण पोपटाला काय म्हणायचं होतं ते कोण विचारतो?

तू मला तिच्याबद्दल तीन गोष्टी लिहून पाठव. पत्रकावर नसलेल्या. तिला काय खायला आवडतं, ती कशाला घाबरते, मधल्या सुट्टीत कुठं असते, काहीही चालेल. तीन मिळाल्या तर मी माझे शब्द मागं घेईन आणि समितीसाठी तुला नवी साडी पाठवीन.

आत्या

२५ सप्टेंबर

आत्या,

साडी पाठवू नकोस.

मी तिला थांबवून घेतलं आणि विचारलं, तुला काय आवडतं? तिचे ओठ किंचित हलले. मग ती हसली आणि म्हणाली, "मला गटात काम करायला आवडतं." विचारलं, एकटी असतेस तेव्हा? पुन्हा ओठ हलले. "एकटीनं विचार करायला आवडतं, पण तो मी सगळ्यांना सांगते." दोन्ही उत्तरं पत्रकातली. तिसऱ्या प्रश्नाला मी तिच्या ओठांकडं नीट बघत राहिले. ती तीन मोजते, आत्या. एक, दोन, तीन, आणि हसू.

परवा वाऱ्यानं वर्गाचं दार धाडकन आपटलं. तिनं डोळे मिटले, आणि लगेच उघडून हसली. तो कच्चा दुवा मी स्टाफरूममध्ये बसून, पेन चावत, मनानं रचला होता. तिच्या शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, ही आधीपासूनच आवाजाला भिते का? ती म्हणाली, "नाही बाई. मागं फळा पडला होता तेव्हा हिनंच जाऊन उचलला होता."

काल तिची आई आली होती. बेकरीत काम करते, हाताला पीठ तसंच होतं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. म्हणाली, "बाई, तक्रार नाही माझी. सगळे म्हणतात, केवढी सुधारली. घरी पाहुणे आले की काय छान बोलते." मग बराच वेळ पदराला हात पुसत बसली. "पण मी हाक मारली ना, की ती थांबते. थोडं थांबते, मग ओ देते. आधी आतल्या खोलीतून लगेच 'काय गं' म्हणायची. आता वाटतं, मी हाक मारली ती कुणाला, आणि ओ देतंय कोण."

मी तिला म्हटलं, वयात येताना मुली बदलतात. ती मान डोलावून गेली. मी तिच्याकडं मान वर करून बघू शकले नाही.

मोठ्या बाईंनी आता एकोणिसाच्या पत्रकाच्या नकला काढून वर्गातल्या बाकी सगळ्या मुलींना वाटल्या आहेत. आदर्श म्हणून, वहीत चिकटवायला. माझ्याच अक्षरातलं ते पत्रक छत्तीस वह्यांत आहे.

बडबडी

४ ऑक्टोबर

बडबडे,

आता ती हजेरीची गोष्ट सांगते. तुझ्या बाबांनाही माहीत नाही, आणि सांगायची गरज नाही.

मला नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. पहिलीचा वर्ग, त्रेपन्न पोरं. मी मान खाली घालून नंबर पुकारायची आणि पोरं चालीत ओरडायची, हजर बाई, हजर बाई. तो एक ताल बसलेला असतो, तुला ठाऊक आहे. सातव्या नंबरला एक मुलगी होती. बारीक चणीची, आवाज बारीक. ती येईनाशी झाली. पण सातवर ताल मोडायला नको म्हणून शेजारची पोरगी तिच्यासाठीही ओरडायची, हजर बाई. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सहा वर्षांचं लेकरू, त्याला चाल मोडलेली आवडत नाही.

अकरा दिवस मी तिला हजर मांडत होते. बाराव्या दिवशी तिचा बाप दारात आला. हातात दप्तर. शाळेचं दप्तर परत करायचं असतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पोरगी तापानं फणफणली होती, आदल्या दिवशी गेली. तो म्हणाला, "ती सारखी म्हणायची, बाई विचारायला येतील." आणि माझ्या पुढ्यात वही उघडी होती. तीत ती त्या दिवशीही हजर होती.

मी गेले असते तर ती वाचली असती असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण मी गेले असते. एवढंच माझ्या हातात होतं आणि मी ते केलं नाही. तेव्हापासून मी एकेका पोराच्या तोंडाकडं बघून हजेरी घेतली. निवृत्त झाले तरी अजून कधी कधी दुपारी डोळा लागला की बारीक आवाजात 'हजर बाई' ऐकू येतं. मी सगळ्यांत आधी सातव्या जागेकडं बघते.

ते पत्रक काढ तिथून. मोठ्या बाईंना काय ते खरं सांग. आणि ते 'कुणाच्या तरी हातून' पेटीत गेलं म्हणालीस, तो हात कुणाचा होता तेही एकदा स्वतःला विचार.

आत्या

१९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आता खोटं लिहिणार नाही.

नमुना पेटीत कुणी टाकला ते मला खरंच माहीत नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी तो कप्प्यात बघितला होता. त्याच्याखाली तिचं कोरं पत्रक होतं. माझ्या शेऱ्यांखाली सरांनी शेरा लिहिला होता, तो वाचला आणि मी कोरं पत्रक काढून माझ्या खणात टाकलं. का म्हणून विचारशील. कारण ती मुलगी मी कुणाकडं बघून रचली नव्हती. मी जशी व्हायला हवी होते ना, तशी ती होती. बोलण्याआधी तीन मोजणारी. बाकावर कधी उभी न राहिलेली. तिचं सगळे जण कौतुक करत होते, आणि मला तेवढं तरी मिळावं असं वाटलं.

मग मी सुधारायला गेले आणि आणखी बिघडवलं. पत्रकावर शेरा लिहिला: 'हल्ली पूर्वीसारखी शांत राहते.' शनिवारी तिनं वाचून सही केली. सोमवारपासून गप्प. पण ते पूर्वीचं गप्प नव्हे. हात जोडून, पाठ ताठ, माझ्याकडं बघत, लिहिल्यासारखी गप्प. मग तुझं ऐकून ते पत्रक काढून घेतलं आणि तिचं मूळचं कोरं कप्प्यात ठेवलं.

शनिवारी ती स्टाफरूमच्या दारात आली. कोरं पत्रक दोन्ही हातांत धरलेलं.

"बाई, यात काहीच नाहीये."

मी म्हटलं, "हो. आता नाही लिहिणार कुणी."

तिनं तीन मोजले. मग हसू येईल असं वाटलं, तर तेही आलं नाही. "मग मी काय करू?" म्हणाली.

मी म्हटलं, तुला हवं ते कर. ती हलली नाही. मधली सुट्टी संपेपर्यंत तशीच दारात उभी राहिली, आणि घंटा झाल्यावर मुलींच्या लोंढ्यात वर्गात गेली. तेव्हापासून 'लिही' म्हटलं की लिहिते, 'थांब' म्हटलं की थांबते. नाहीतर बाकावर नुसती बसलेली असते. डबा सुद्धा 'उघड' म्हणेपर्यंत उघडत नाही.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चुकून का होईना, मुलगी घडली होती. तुम्ही ती मोडलीत. समिती सहा डिसेंबरला येतेय. जुनं पत्रक परत ठेवा, ती आठवड्यात पूर्ववत होईल. नाहीतर डिसेंबरअखेर तुमचा हिशोब करून टाकू." आणि आत्या, त्या म्हणतात ते खरं आहे. मी परत ठेवलं तर ती उठेल, हसेल, बोलेल. ती आता बसलेली असते ते मला बघवत नाही. जुनं पत्रक माझ्या खणात आहे. रोज तीन वेळा खण उघडते आणि बंद करते.

सांग, काय करू? बघ, मीही तेच विचारतेय.

बडबडी

२६ ऑक्टोबर

बडबडे,

आज भिंग घेऊन तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. दुपार गेली, डोळ्याला पाणी लागलं, पण सार्थकी लागलं.

आठ ऑगस्टला तू लिहिलंस, टेबलाच्या पायाखाली रोज कुणीतरी घडी ठेवतं. दोन सप्टेंबरला लिहिलंस, टेबल डुगडुगतंय आणि शिपाई म्हणतो मी कधीच ठेवली नाही. या दोन तारखांच्या मधे त्या वर्गात काय बदललं? ती सोमवारी उठून बोलली. बडबडे, काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझं अक्षर तिरकं जाऊ नये म्हणून महिनाभर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, कुणाला न सांगता, जी पोरगी तुझ्या टेबलाखाली वाकत होती, तिचा चेहरा तुला आठवत नव्हता. पडलेला फळा उचलणारीही तीच. आता मला सांग, हे तुझ्या बारा रकान्यांपैकी कशात बसतं?

तीन गोष्टी मागितल्या होत्या, त्यातल्या दोन तुझ्याच पत्रांत सापडल्या. तिसरी तिलाच ठरवू दे.

आता नीट ऐक. टेबल दुरुस्त करून घेऊ नकोस. स्वतः कागद घालू नकोस. तिला यातलं एक अक्षर सांगू नकोस, नाहीतर तेही शेरा समजून पाळेल. रोज त्याच डुगडुगत्या टेबलावर बस. आणि जुनं पत्रक पेटीतही ठेवू नकोस, खणातही नको. तिच्या हातात दे. म्हणावं, हे तुझं आहे, याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. ती स्वतःच पेटीत नेऊन ठेवील, अशी भीती आहे. मला आहे, तुला नसेल तर नवल. पण निदान ठेवणारा हात तिचा असेल.

आत्या

२४ नोव्हेंबर

बडबडे,

महिना होत आला, पत्र नाही. मी दोन पाठवली, त्यांचंही उत्तर नाही. बडबडी गप्प झाली की मला नको नको ते सुचतं. शिंपीणबाई म्हणतात फोन करा. केला, तू उचललास. मी म्हटलं, "कशी आहेस?" तू थांबलीस. मग "छान आहे आत्या," म्हणालीस, हसून. किती थांबलीस ते मी मोजलं नाही, कारण मला मोजायची भीती वाटली.

दोन ओळी लिही. वेड्यावाकड्या अक्षरात लिही.

आत्या

७ डिसेंबर

आत्या,

अक्षर वेडंवाकडं नाही येणार. टेबल हलत नाहीये.

फोनवर थांबले, कारण मला काय सांगू ते कळत नव्हतं. इकडं महिनाभर काहीच घडलं नव्हतं. तू सांगितलंस तसं पत्रक तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं, तीन मोजले, "धन्यवाद" म्हणाली, आणि दप्तरात ठेवलं. बस. त्यानंतर रोज मी टेबलावर बसायचे, ते डुगडुगायचं, आणि ती समोर बघत बसायची. एकदा शाईची बाटली कलंडून तपासलेल्या सगळ्या वह्या निळ्या झाल्या. मुली हसल्या. ती हसली नाही. पण तिनं टेबलाच्या पायाकडं बघितलं. क्षणभरच. मी तुला लिहिणार होते, मग वाटलं, लिहिलं तर तेही नाहीसं होईल.

काल समिती आली. तिघं जण. मोठ्या बाई कडक इस्त्रीच्या साडीत, चेहऱ्यावर बारा कौशल्यं. अध्यक्ष माझ्या खुर्चीवर बसले, टेबलावर कागद पसरले आणि लिहायला लागले. मी मनात म्हटलं, आता पेन घसरणार. घसरलं नाही. पानभर लिहिलं, दोन्ही कोपरं टेकवून लिहिलं, टेबल ढिम्म. मी खाली बघितलं. आखूड पायाखाली जाड पांढऱ्या कागदाची आठ पदरी घडी होती, आणि घडीच्या कडेला निळी चौकट.

अध्यक्ष म्हणाले, "एकोणीस नंबरचं पत्रक दिसत नाही पेटीत." मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. "मुलगीच समोर आहे ना," त्या म्हणाल्या, "एकोणीस, उभी राहा." ती उभी राहिली. अध्यक्षांनी विचारलं, "तुझं सगळ्यांत मोठं कौशल्य कोणतं?"

सवयीनं मी मोजायला लागले. एकवरच ती म्हणाली, "माहीत नाही."

ना हसू, ना डोळ्यांत बघणं. जरा त्रासलेला, खरखरीत आवाज होता. आत्या, तो मी पहिल्यांदाच ऐकला. माझा हुंदका बाहेर आला, तो मी खोकल्यात ढकलला. अध्यक्षांनी वहीत काहीतरी खरडलं. ते चांगलं नव्हतं, हे मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. माझं काय होणार ते उघड आहे. मला त्याचं दुःख आहे, नाही कसं म्हणू? पण काल संध्याकाळी खोलीवर जाताना मी कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत होते.

इथं पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

समिती बाहेर पडली आणि मागोमाग दार धाडकन आपटलं. मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे उघडेच होते. ती वाकून टेबलाच्या पायाकडं बघत होती, घडी सरकली तर नाही ना म्हणून. मला इतका आनंद झाला की बाकीच्यांकडं माझं लक्ष उशिरा गेलं.

छत्तीस जणींनी डोळे मिटले होते. सगळ्यांनी एकदम. वर्ग इतका शांत की छपराचा पत्रा तापून वाजला तो ऐकू आला. मग छत्तीस जणींनी एकदम डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून हसल्या. नक्कल वहीत चिकटवलेली आहे ना त्यांच्या. गेले दोन महिने मी एकीकडंच बघत होते. कधीपासून हे चाललंय, मला सांगता येणार नाही.

आज हजेरी तोंडं बघून घेतली. एकीजवळ थांबले, तिच्या बोटांना मातीचा वास होता, का ते विचारलं. तिनं तीन मोजले. मी थांबले, आणखी थांबले. तास संपला तेव्हा ती पुटपुटली, "बागेत गोगलगायी आहेत, त्या रस्त्यावरून उचलून ठेवते." एक तास, एक मुलगी.

पस्तीस राहिल्या आहेत, आत्या, आणि या नोकरीचे माझ्याकडं बावीस दिवस.

बडबडी